काट्याविना घास

दुपारी जेवताना शुभदाने तळलेल्या माशातले काटे एकेक करून काढले आणि तो तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. बेटावर आल्यापासून ती रोज हेच करत होती.

"काटे काढून द्यायला मी काय लहान आहे?" यतीन हसला.

"तुझ्यासाठी नाही रे. हाताला सवय आहे, कशाची कोण जाणे."

इतक्यात मॅनेजरबाई दोन काचेच्या कुप्या घेऊन आल्या. बेटावर उतरताच पाहुण्यांची काळजी यंत्राने डोक्यातून मुळासकट, म्हणजे ज्याची काळजी त्याच्या आठवणीसकट, काढून अशा कुपीत ठेवत आणि निघताना परत देत.

"आठ दिवस संपले. काळजी परत घेताय, की याही वेळी मुक्काम वाढवायचा?"

"वाढवा," यतीन म्हणाला. "इतकी छान झोप कुठे लागते?"

"बरं. ती मुलगी अजून रोज फोन करते. आई-बाबा कधी येणार, विचारते."

"चुकून लागत असेल बिचारीचा," शुभदा म्हणाली. "आम्हाला मूलबाळ नाही."

मॅनेजरबाई कुप्या घेऊन परत गेल्या. शुभदाने कडेचा तुकडा चिमटीत उचलला आणि तो निवावा म्हणून हळूच फुंकर घातली.