आरोळी

कोलंबियातल्या कार्ताहेना शहराच्या मोठ्या रेडिओ केंद्रावर फुल्हेन्सिओसाहेबांनी एनेइदाचं गाणं पहिल्या कडव्यालाच बंद केलं. "बाई, वस्तीतला धांगडधिंगा वस्तीतच ठेवा. आम्हाला सभ्य लोक ऐकतात."

एनेइदानं घरी येऊन चुलीशेजारीच आपला इंटरनेट रेडिओ थाटला. दुसरं कडवं संपलं की ती गाण्यावरच आपल्या रेडिओच्या नावाची दणदणीत आरोळी ठोकायची. गल्लीतल्या नाचाला गाणी लावणारे सगळेच तसं करतात. कुणी गाणं ढापलं, तर मूळ कुणाचं ते जगाला कळतं.

"अगं, सूर नासतो ना!" मासे तळता तळता आई करवादायची.

"नासू दे. चोराला कळायला नको, कुणाच्या घरात शिरलाय ते?"

गाणं आरोळीसकट या फोनवरून त्या फोनवर जात थेट पनामापर्यंत पोचलं. मग एका दुपारी मोठ्या रेडिओवर फुल्हेन्सिओसाहेब गरजले, "आमचा नवा शोध! सगळ्यात आधी, फक्त आमच्याकडे!"

एनेइदाचं गाणं सुरू झालं. शेजारणी दारात जमल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं संपत आलं, तशी या वेळी आईनंच रेडिओचा आवाज वाढवला.



मोठ्या रेडिओवरून एनेइदाचीच आरोळी दणाणली, "ऐकताय एनेइदाच्या चुलीवरचा रेडिओ! फुल्हेन्सिओसाहेबांनी हाकललेलं गाणं, गरमागरम!"