दोन विरोधी मतं

हिमनदीच्या पायथ्याशी सोन्याची खाण काढायचा ठराव बिश्केकच्या संसदेत मंजूर झाला. सत्ताधारी पक्षातल्या दोघांचीच मतं विरोधात पडली. एक तिशीतली बेगाइम, दुसरे सत्तरीचे शार्शेनकाका.

खालची सगळी गावं याच हिमनदीचं पाणी पितात, हे बेगाइमने सभागृहात घसा फोडून सांगितलं होतं. त्यातली एक ओळही छापून आली नाही. सकाळच्या पेपरांत काका ‘विवेकाला जागलेले ज्येष्ठ नेते’ होते आणि ती ‘पक्षाच्या जिवावर निवडून आलेली कृतघ्न पोर’. एका वाहिनीवर तर चार पुरुष तिच्या लिपस्टिकवरच बोलत बसले होते.

संसदेच्या पायऱ्यांवर तिला काका भेटले.

“काका, तुम्ही तरी माझ्या बाजूने उभे राहिलात. आज कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलाल?”

काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “कुठे बोलू नकोस पोरी. चष्मा घरी राहिला होता, चुकीचं बटण दाबलं गेलं. पक्षाध्यक्षांची माफी मागूनच येतोय.”

तेवढ्यात पत्रकारांनी दोघांना गराडा घातला.

“शार्शेनसाहेब, एवढं धैर्य कुठून आणलंत?”

काकांनी टोपी नीट केली. “मनाला पटलं ते केलं.”

मग माइक बेगाइमकडे वळला.

“आणि बाई, आता तरी खरं सांगा. ते बटण दाबायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”