बाईंचा घोटा

"तुम्ही पडलात का? रूथला फोन लावू?" भिंतीवरच्या बोलक्या यंत्रानं विचारलं.

"बादली पडली!" न्हाणीघराच्या फरशीवरून एस्तेरबाई ओरडल्या. मिरजेत पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईंना आपला घोटा सुजणार हे तेव्हाच कळलं होतं. पण पुण्याच्या लेकीनं, रूथनं बजावलं होतं, "आई, पुन्हा पडलीस तर तुला इकडे घेऊन येईन." तिनंच घरभर ही यंत्रं बसवली होती. आई किती चालते, कधी उठते, सगळं तिला फोनवर कळायचं.

बाईंनी घोट्याला पट्टी आवळली. रोजच्याइतकी पावलं दिसावीत म्हणून भिंत धरून त्या स्वयंपाकघर ते दार अशा खेपा घालू लागल्या. बसलं की धास्ती वाटायची, उठलं की कळ मस्तकात जायची. दुपारी मात्र कॉटवर टेकल्या आणि त्यांना स्वतःचाच राग आला. असं दुखणं लपवणाऱ्या किती पेशंटना त्यांनी फैलावर घेतलं होतं!

"लाव रे रूथला," त्या यंत्राला म्हणाल्या.

पलीकडून गाडीचा आवाज येत होता.

"सकाळी पडले गं. घोटा सुजलाय."

"यंत्रानं तेव्हाच कळवलं. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते. कराड सोडलंय मी."

"मला न्यायला?"

"नाही गं. आठवडाभर राहायला."

एस्तेरबाईंनी पाय उशीवर घेतला आणि त्या सकाळपासून पहिल्यांदाच मोठ्यानं कण्हल्या.