मोरपंखी टेम्पो

“बाबा, हात लावू नको, रंग लागंल,” अमित म्हणाला. तोवर म्हादूचा तळवा पांढराफटक झालाच होता. टेम्पोचा रंग उन्हापावसाने पार मेला होता. बोट फिरवलं की जुन्या भिंतीचा चुना निघावा तशी भुकटी निघत होती.

म्हादूने हात पँटीला पुसला आणि स्टुलावर बसला. आसनगावला हायवेच्या कडेला पोराने पत्र्याची शेड टाकली, तेव्हापासून म्हादूला मुरबाडकडच्या वाडीवरून इकडे यायला काहीतरी काम निघायचंच. नाही निघालं तर तो काढायचा. शेडवर पाटी होती आणि पाटीवर पोराचं नाव. वाचता येत नसलं म्हणून काय झालं? आपल्या पोराचं नाव कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाडीवर तर तो ऐकणाऱ्याला सांगायचा आणि न ऐकणाऱ्याला धरून सांगायचा, “आमचा अमित गाडीचा आरसा करतो. मुंबयच्या गाड्या येतात त्याच्याकडं!”

अमितने काचेच्या कडांना चिकटपट्टी लावली. दारावर पॉलिशचे चार थेंब टाकले, मशीनची फोमची चकती त्यावर टेकवली आणि बटण दाबलं. आधी हळू, मग जोरात. चकती फिरत गेली तशी निळी होत गेली. मग त्याने मऊ फडक्याने दार पुसलं, आणि त्या मेलेल्या भुकटीखालून मोरपंखी रंग असा काही वर आला की म्हादू “आयला!” करून उठलाच.

जवळ जाऊन बघतो तो काय, रंगाबरोबर दारावरच्या खळग्याही दिसायला लागल्या होत्या. हँडलच्या खाली, बारीक बारीक, एकीला लागून एक. म्हादूचं तोंड उतरलं. त्या खळग्या त्याने नुसता हात फिरवूनही ओळखल्या असत्या.

दिवाळी सरली की हाच टेम्पो वाडीवर यायचा. माणसं वीटभट्टीला न्यायला. मुकादम काठीने दार बडवायचा, “चला, आवरा, चला!” आणि वाडी रिकामी व्हायची. हंडे, गोधड्या, कोंबड्या, पोरं, म्हातारी, सगळं मागच्या हौद्यात. पुढे ड्रायव्हर, मुकादम आणि दोघांच्या मध्ये मुकादमाची पिशवी. एका वर्षी वेणूला सातवा महिना होता. बायकोला तेवढं पुढं बसू द्या, म्हणून म्हादूने हात जोडले. मुकादम म्हणाला, “मग पिशवी कुठं ठेवू?” भट्टी येईपर्यंत वेणू हौद्यात पोट धरून बसली. पोटात हाच अमित होता. त्या दिवशी गिळलेला राग म्हादूच्या घशातून अजून खाली उतरला नव्हता.

“ही भट्टीवाल्याची गाडी,” तो म्हणाला.

“त्याचीच होती,” अमितने मान वर केली नाही.

“आन् तू तिला चकाकवतोस? दुसरं गिऱ्हाईक नाय मिळालं तुला? साऱ्या जगाच्या गाड्या पूस रे, पण ही नाय! लाज वाटते मला.”

“गिऱ्हाईक मोठं हाय, बाबा. त्याला नाय म्हणता येत नाय.” वर हसला आणि मशीन पुन्हा घर्र करून सुरू.

हसतोय! म्हादू तणतणत बाहेर गेला आणि करंजाच्या झाडाखाली शेडकडे पाठ करून बसला. पण मेले डोळे ऐकतात थोडेच? मान सारखी वळत होती. दुसरं दार झालं. बॉनेट झालं. बॉनेटमध्ये विजेच्या तारा दिसायला लागल्या, तारेवरची साळुंकी दिसायला लागली. काम करावं तर माझ्या पोरानेच, असं त्याच्या मनात आलं, आणि कुणासाठी करतोय हे आठवून तो पुन्हा चिडला. छाती फुगवावी की कपाळ बडवावं, त्याला काही सुधरेना.

उन्हं कलली तेव्हा वेणू आली. सण ना वार, आणि नवं लुगडं नेसून. हातातल्या पिशवीतून झेंडूची माळ डोकावत होती. बाजारात गेली असेल, म्हादूला वाटलं.

“चला, वाडीवर सोडतो,” अमित हात पुसत म्हणाला.

“ह्या गाडीतनं? मी मेलो तरी नाय बसायचा!”

“मी तर बसते बाय,” वेणू म्हणाली आणि टेम्पोला वळसा घालून पलीकडे गेली.

म्हादू तिथंच उभा राहिला. मग त्याला काही राहवेना. पुन्हा त्याच हौद्यात ती एकटी बसणार? तेव्हा तिच्यासाठी काही करता आलं नाही. आता निदान शेजारी तरी बसू. तोंडातल्या तोंडात पुटपुटत तो मागे गेला. चाकावर पाय ठेवला, फाळक्याला हात घातला आणि जुन्या सवयीने वर चढला. हौदा रिकामा होता. झाडून पुसून लख्ख केलेला.

पुढच्या खिडकीतून वेणूने डोकं बाहेर काढलं.

“ओ, मालकाचा बाप मागं बसतो होय? उतरा, या पुढं. पिशवी मी मांडीवर घेतलीय.”