पिल्लांची राखण

शेवटचं पिल्लू सकाळी काचेच्या टाकीच्या तळाशी मरून पडलेलं सापडलं आणि सुनेचं अवसानच गळालं. दुपारी सासरे घरी येणार होते.

तिने चमच्याने ते अलगद उचललं. जेमतेम अर्ध्या टाचणीएवढं, पण लांबुडकं तोंड, मानेचा बाक, शेपटीची गुंडाळी, सगळं कसं जिथल्या तिथे. कुंडीतल्या मातीत आधीच्या पिल्लांशेजारी तिने त्यालाही पुरलं. मग हात धुऊन टाकीसमोर येऊन बसली. आत नुसतं पाणी, प्लॅस्टिकचं गवत आणि संथपणे वर येणारे बुडबुडे. दुसरं काही म्हणून नव्हतं.

सासरे शिंपी. उभा जन्म सुईदोऱ्यात गेलेला. दुकान बंद केल्यावर त्यांना समुद्रघोडे पाळायचा नाद लागला, तो असा की सख्ख्या मुलालाही टाकीला हात लावू देत नसत. समुद्रघोड्यांत पिल्लं पोटाशी वागवतो तो नर. तर यांच्या नराचं पोट फुगायला लागलं, तसे सासरे त्याच्यासमोर अशा काही येरझाऱ्या घालू लागले की मुलगा म्हणाला, बाळंतपण नक्की कुणाचं आहे?

नेमका त्याच सुमाराला त्यांच्या डोळ्यासमोर काळा पडदा सरकू लागला. एक डोळा केव्हाच कामातून गेलेला, आता हा उरलासुरलाही. ऑपरेशन तातडीने करायचं, तेही मोठ्या शहरात, आणि नंतर महिनाभर लेकीकडेच राहायचं ठरलं. म्हातारा मनातून पार हादरला होता. आंधळा होऊन कुणाच्या गळ्यात पडायचं नाही मला, हेच त्यांचं पालुपद. पिल्लं झाली, ती त्यांनी मोठ्यांपासून वेगळी करून आपल्या खोलीतल्या छोट्या टाकीत ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना निघावं लागलं. जिना उतरता उतरता ते वळले आणि सुनेला म्हणाले, "तुझ्यावर सोपवतोय पोरी. मोठी झालेली बघायचीत मला."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि एवढा विश्वास! तिला आभाळ ठेंगणं झालं.

तिने काही कसर ठेवली असं नाही हो. डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे ती खाऱ्या पाण्यात उबवायची, गाळायची आणि दिवसातून कितीदा तरी ड्रॉपरने पिल्लांपुढे सोडायची. उजेडाच्या ओढीने पिल्लं वर तरंगू नयेत म्हणून तिने टाकीला तीन बाजूंनी काळा कागद लावला. उन्हाळ्यामुळे टाकीतलं पाणी आटायचं, तर न चुकता मीठ कालवलेलं पाणी वरून ओतायची. समुद्राचे जीव ना ते! आणि इथेच घात झाला. पाणी आटतं, मीठ कुठे आटतं? वरून घालायचं ते साधं गोडं पाणी, हे तिला मासे विकणाऱ्या दुकानदाराकडून कळलं तोवर निम्मी पिल्लं गेली होती. उरलेल्यांनीही एकेक करून माना टाकल्या. नवी मिळतील का, असं तिने चाचरत विचारून पाहिलं. एवढी लहान कुणी विकत नाही बाई, असं म्हणून दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रोज संध्याकाळी सासऱ्यांचा फोन यायचा. पहिलं पिल्लू गेलं तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण पलीकडे डोळ्याला पट्टी बांधून, डॉक्टरांच्या हुकमाने दिवसभर पालथा पडून राहिलेला माणूस, आणि त्याला विचारायचं असायचं ते एवढंच, की आज काय करताहेत गं? तिची जीभच रेटायची नाही. छान खातात, म्हणायची. वाढलीत. एक जरा आगाऊ निघालंय. सासरे खुदकन हसायचे. फोन ठेवला की ही टाकीसमोर जाऊन उरलेली पिल्लं मोजायची.

मग पट्टी निघाली. तपासणीला सासरे डॉक्टरांकडे एकटेच आत गेले, लेकीला बाहेर बसायला लावलं. बाहेर येऊन म्हणाले, फक्कड दिसतंय, सुईत दोरा ओवून दाखवू का? फोनवर हे ऐकून नवऱ्याने अक्षरशः टाळी वाजवली. अजून थोडे दिवस पट्टी राहिली असती तर बरं झालं असतं, असं हिच्या मनात मात्र येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

नवऱ्याला पिल्लांचं ठाऊक होतं. मी सांगतो, म्हणाला होता. पण आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायची, हे तिने ठरवलं होतं. उंबऱ्यातच सांगायचं. पाया पडायचं आणि सांगून टाकायचं.

दुपारी दार वाजलं. काळा चष्मा लावलेले सासरे, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे. वाळले होते. प्रवासाने दमलेत, असं सांगून नवरा सामान आणायला परत खाली गेला.

"बाबा," ती म्हणाली, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी पिल्लं."

भिंतीला हात लावत लावत ते थेट आपल्या खोलीकडे निघाले. ती मागोमाग गेली. आता बघतील. ओरडले तर बरंच, पण ओरडणार नाहीत, गप्प बसतील, आणि पुन्हा कधी कशाला हात लाव म्हणणार नाहीत. चाचपडत स्टूल ओढून ते बसले. तिने दाराची चौकट घट्ट धरली.

सासऱ्यांनी चष्मा काढला, ते पुढे वाकले, आणि टाकी सोडून शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवत हसून म्हणाले, "एकूण एक जगवलीस की गं पोरी! केवढी झालीत!"