बेचाळीस नंबरचा शेजार

शेवटच्या रकान्यापाशी येऊन घड्याळजींचं पेन अडलं. नाव, पत्ता, जुन्या खुर्चीचा नंबर एकेचाळीस, सगळं एका दमात भरून झालं होतं. आता फॉर्म विचारत होता, 'शेजारी कोण हवं?'

"लिहा की," बायको म्हणाली. "चार अक्षरांचं तर नाव आहे."

"कुणाचं?"

"आता ते माझ्याकडून वदवून घेताय होय?"

घड्याळजींनी पेनाला टोपण लावलं.

बस डेपोमागचं जुनं मैदान सोडून फुटबॉल क्लब शहराबाहेर, हमरस्त्यालगतच्या नव्या स्टेडियमवर चालला होता. जुन्या पासवाल्यांना तिथे नवी खुर्ची मिळणार होती. दोघांनी आपापल्या फॉर्मवर एकमेकांची नावं लिहिली तर शेजारशेजारी बसायला मिळेल. नाहीतर कॉम्प्युटर जिथे बसवील तिथे गुमान बसायचं. मुदत उद्यापर्यंत.

जुन्या मैदानावर बेचाळीस नंबरला त्यांचा धाकटा भाऊ बसायचा. दोन पास वडिलांनीच दोघांच्या नावे करून दिले होते. चौदा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा भरल्या घरात घड्याळजी बोलून गेले, "याने डॉक्टरला वेळेवर बोलावलं असतं तर आई आज असती." ते खरं नव्हतं. पुढे डॉक्टरांनीच तसं सांगितलं. पण तोवर शब्द सुटला होता, आणि जगाची घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या या गृहस्थांना स्वतःची एक चूक काही दुरुस्त करता आली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं.

तेव्हापासून अबोला. एकमेकांच्या घरी जाणंयेणं बंद. मात्र सामना असला की दोघे भाऊ दोन तास खांद्याला खांदा लावून बसत आणि समोर बघत.

धाकटा फुटबॉलचा वेडा, याबद्दल घड्याळजींना तिळमात्र शंका नव्हती. हात मोडला तेव्हा प्लास्टर गळ्यात अडकवून आला. अंगात ताप असताना मफलर गुंडाळून आला. ओरडायचा मात्र सगळ्यांच्या मागून. गोल होऊन, लोक उठून, घड्याळजींचा घसा बसायची वेळ आली की मग याची आरोळी. लहानपणापासून हा प्रत्येक गोष्टीत उशिराच, असं म्हणून ते मनातल्या मनात हसत. त्या हसण्यात माया होती, पण ती सांगायची कुणाला?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घड्याळजींचे दोन सामने हुकले होते. "बेचाळीसही रिकामीच होती," मागच्या रांगेतल्या न्हाव्याने नंतर सांगितलं. दोन्ही सामन्यांत क्लबचा पार धुव्वा उडाला होता.

"लेकाला आधीच वास लागतो," घड्याळजी म्हणाले होते.

जुन्या मैदानावरचा शेवटचा सामना तीन आठवड्यांपूर्वी झाला. लोक पायऱ्यांना हात लावून रडत होते. न्हाव्याने वाकून विचारलं, "नव्या जागी कुठे बसणार, घड्याळजी?"

"कुठेही बसेन," घड्याळजी मोठ्याने म्हणाले. "हा शेजार सुटला म्हणजे मिळवली."

आजूबाजूचे खो खो हसले. धाकटा नेहमीसारखा समोर बघत होता. मैदान रिकामं झालं तरी तो उठला नाही. जिन्यातून घड्याळजींनी एकदा मागे वळून पाहिलं, आणि परत जायला त्यांचे पाय काही वळले नाहीत. त्या संध्याकाळपासून अन्न गोड लागत नव्हतं. जीभ आहे की कात्री, असं त्यांनी स्वतःलाच शंभरदा विचारून झालं होतं.

बायको स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी टोपण काढलं आणि ती चार अक्षरं लिहिली. मग ती पुन्हा एकदा गिरवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच ते क्लबच्या दारात हजर होते. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून खोक्यांत भरल्या होत्या. खिडकीपलीकडच्या बाईंनी फॉर्म घेतला, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"काका, यांच्या फॉर्मवरही तुमचं नाव लागेल."

"ठाऊक आहे. बघा ना, लिहिलंय का त्याने." त्यांचा आवाज उगाचच बारीक झाला.

बाईंनी गठ्ठा चाळला. पुन्हा एकदा चाळला.

"यांचा फॉर्मच नाही."

"आज येईल. मी थांबतो इथे. नसेल माझं नाव लिहायचं, तर मीच बोलेन त्याच्याशी. काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे." हे बोलल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. चौदा वर्षं अडलेलं इतकं सोपं होतं तर!

"बेचाळीस नंबर ना? थांबा." बाईंनी खण उघडला आणि कडा झिजलेला एक पास खिडकीत ठेवला. "शेवटच्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी येऊन परत करून गेले. नवी खुर्ची नको म्हणाले."

"काहीतरीच काय! फुटबॉलशिवाय दोन दिवस राहायचा नाही तो. क्लबवर रागावलाय का? एवढ्या लांब चाललाय म्हणून?"

"मलाही तेच वाटलं, म्हणून विचारलं."

"मग? काय म्हणाला?"

बाईंनी पास उलटसुलट केला.

"म्हणाले, 'क्लबवर कशाला रागावू? मैदानात पळणाऱ्यांतली आपली माणसं कुठली, ते मला आजवर दादा उठून ओरडला की कळायचं.'"