धुळीतला ग्रह

सभागृहात पाहुणे जमत होते आणि मृण्मयी बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. दुर्बिणीने टिपलेल्या चित्रात एका कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीत तिला एक रिकामं, काळं कडं दिसलं होतं. तिथली धूळ ओढून घेत नवा ग्रह घडतोय, असं तिने मांडलं आणि वर्तमानपत्रांत बातमी झळकली. आज तिचे संशोधनातले मार्गदर्शक सर तेच चित्र पाहुण्यांना दाखवणार होते. पण सकाळी आलेल्या जास्त स्पष्ट चित्रात ते कडं नव्हतंच.

तेवढ्यात अकोल्याहून आईचा फोन आला.

"अगं, देवपुजारीकाकू विचारतायत, तुझ्या ग्रहाचं नाव काय ठेवणार?"

"आई, तिथे ग्रह नाहीये. माझं चुकलं."



"मग काय आहे तिथे?"

"धूळ. अजून काहीच घडलेलं नाही."

"सरांना सांगितलंस?"

"धीर होत नाही गं. इतकी वर्षं गेली माझी यात."

"अख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेत मी," आई म्हणाली. "आता घरोघरी जाऊन मीच सांगते. पण सरांना तुलाच सांगावं लागेल."

आत दिवे मालवले, पडद्यावर चित्र उमटलं, टाळ्या सुरू झाल्या. सर बोलायला उभे राहिले, तशी मृण्मयी आत शिरली आणि खुर्च्यांमधल्या वाटेने जवळजवळ पळतच पुढे गेली.

"सर, थांबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तिथे ग्रह नाही."